सत्राची किंमत कोण मोजतं?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: 'पुण्यातल्या वस्त्यांमध्ये तरुण मुलामुलींबरोबर आम्ही जात आणि लिंगभाव या विषयांवर काम करतो. सत्रांचं साहित्य तयार आहे. सीएसआरमधून (कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या पैशातून) निधी देणाऱ्या कंपनीचं म्हणणं आहे की अनुभवी सुलभकांचं, म्हणजे सत्र चालवणाऱ्यांचं, मानधन आणि वर्षभराचं मेंटॉरिंग (नव्यांना अनुभवी व्यक्तीची सोबत आणि मार्गदर्शन) हे दोन खर्च कमी करा. वस्तीतल्याच मुलांना दोन दिवसांचं प्रशिक्षण द्या आणि त्यांच्याकडून सत्रं घ्या, तेवढ्याच पैशात तिप्पट लोकांपर्यंत पोहोचाल. त्यांना काय सांगावं?'

त्यांना सांगा की हा खर्च वाचत नाही. तो दुसऱ्या कुणाच्या तरी खिशातून जातो, आणि बहुतेक वेळा तो खिसा खोलीतल्या सगळ्यात कमी ताकदीच्या माणसाचा असतो.

जात, लिंगभाव, अपंगत्व, धर्म यांवर तीस माणसं एकत्र बसून बोलायला लागली की ताण येतोच. तो यायलाही हवा, त्याशिवाय काही हलत नाही. पण तो ताण उचलतं कोण? सत्र चालवणाऱ्याच्या अंगी कसब असेल तर तो थोडा स्वतः घेतो आणि उरलेला सगळ्यांत वाटतो. कसब नसेल तर पाणी उताराला लागावं तसा तो ताण खाली जातो. गटातल्या एकुलत्या एका मातंग मुलीकडे, पहिल्यांदाच चारचौघांत बोलणाऱ्या तृतीयपंथी माणसाकडे, घरातून पहिल्यांदा कॉलेजात गेलेल्या मुलाकडे. बाकीचे अभिप्रायाच्या कागदावर 'आज डोळे उघडले' असं लिहून घरी जातात. ती मुलगी पुढच्या सत्राला येत नाही, आणि हजेरीच्या तक्त्यात तिच्या नावापुढे 'गैरहजर' एवढंच लागतं.

मी पुण्यात आणि आसपासच्या तालुक्यांत हे काम बरीच वर्षं करते आहे. वस्त्यांत, कॉलेजांत, ग्रामपंचायतींत आणि अलीकडे हिंजवडी-खराडीच्या कंपन्यांतही. चांगलं साहित्य लागतंच, त्याबद्दल वाद नाही. पण साहित्य तेच आणि गट तसाच असला तरी चालवणारी व्यक्ती बदलली की एका खोलीत माणसं जवळ येतात आणि दुसऱ्या खोलीत कुणाचा तरी अपमान होतो, हे मी वारंवार पाहिलं आहे.

'एक पाऊल पुढे' हा खेळ तुमच्याही साहित्यात असेल. सगळे एका रेषेत उभे राहतात. 'आईवडिलांपैकी कुणी पदवीधर असेल तर एक पाऊल पुढे या', 'आडनाव सांगितल्यावर भाड्याचं घर नाकारलं गेलं असेल तर एक पाऊल मागे जा', अशी वाक्यं वाचली जातात. दहा मिनिटांत विषमता फरशीवर दिसायला लागते. कागदावर हा खेळ कुणालाही घेता येईल असा वाटतो, आणि म्हणूनच नवख्या हातात तो सगळ्यात जास्त दुखापत करतो. पुढे गेलेल्यांना नुसतं पाठमोरं उभं राहायचं असतं. मागे राहिलेल्यांना मात्र आपली गरिबी, आपली जात, बापाचं दारू पिणं हे सगळं सर्वांदेखत पावलापावलाने जाहीर करावं लागतं. त्यांना त्यात नवीन काहीच कळत नाही. शिकतात पुढचे, फी भरतात मागचे.

अनुभवी सुलभक हाच खेळ वेगळ्या पद्धतीने घेतात. प्रत्येकाला चिठ्ठी मिळते. एकीवर असतं, 'जनता वसाहतीत राहणारी, चार घरी धुणीभांडी करणारी बाई'. दुसरीवर, 'कोथरूडमध्ये स्वतःचा फ्लॅट असलेला इंजिनिअर'. तिसरीवर, 'मराठवाड्यातून स्पर्धा परीक्षेसाठी आलेला, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणारा मुलगा'. आपण त्या माणसाच्या जागी उभं राहून पावलं टाकायची. स्वतःचं आयुष्य उघडं करायची सक्ती कुणावर होत नाही, ज्याला करायचं आहे त्याला वाट मोकळी असते. आणि खेळ संपल्यावर पहिला प्रश्न पुढे उभ्या असलेल्यांना जातो: चालताना मागे वळून बघावंसं कधी वाटलं? नाही वाटलं तर का नाही? बोलायचं ओझं पुढच्यांवर ठेवायचं, हा निर्णय त्या क्षणी घ्यावा लागतो. तो कुठल्याही पुस्तिकेत छापून देता येत नाही, कारण कोणत्या गटात 'पुढचे' कोण हे खोलीत शिरल्यावरच कळतं.

पुण्यात तर पहिली कसोटी ओळखीच्या फेरीतच लागते. 'पूर्ण नाव, मूळ गाव आणि सध्या कुठे राहता ते सांगा.' किती निरागस वाटतं! पण आडनाव आणि पत्ता मिळाला की जात आणि ऐपत दोन्ही कळतात, आणि मग दिवसभर खोलीतली माणसं त्या हिशेबानेच एकमेकांचं ऐकतात. म्हणून आम्ही फक्त 'तुम्हाला कोणत्या नावाने हाक मारलेली आवडेल' एवढंच विचारतो. त्यानंतर भाषा येते. कुणी 'पानी' म्हणालं, 'व्हतं' म्हणालं की कोपऱ्यात कुणीतरी हलकंच हसतं. त्या हसण्याला तिथल्या तिथे आवर घालावा लागतो, तोही भाषण न देता. एक बारीकशी सवय इथे फार उपयोगी पडते: बाई जे बोलली ते फळ्यावर तिच्याच शब्दांत लिहायचं. ती 'मह्या घरी' म्हणाली आणि सुलभकाने 'माझ्या घरी' असं लिहिलं, तर ती वाचते आणि पुढच्या वेळी बोलण्याआधी थांबते.

आता सगळ्यात नेहमीचा प्रसंग घ्या. कॉलेजातला एखादा मुलगा उठून म्हणतो, 'मॅडम, आता जात कुठे राहिलीय? आमच्या ग्रुपमध्ये कुणी विचारतसुद्धा नाही.' त्याचा हेतू बहुतेक वेळा वाईट नसतो. नवखा सुलभक अशा वेळी दोनपैकी एक करतो. एक तर आकडेवारी काढून वाद घालतो, मग मुलगा गप्प होतो आणि मनातून पक्का होतो. नाहीतर गटातल्या दलित मुलीकडे बघून म्हणतो, 'तू सांग ना, तुझा काय अनुभव?' त्या एका वाक्याने ती मुलगी विद्यार्थिनी राहत नाही, पुरावा होते. तिने सांगितलं तर रडू येतं. नाही सांगितलं तर 'बघा, हिलाही काही त्रास नाही' असं होतं.

अशा वेळी प्रश्न ज्याने विचारला त्याच्याच दारात ठेवायचा असतो. 'तुझ्या घरमालकाने भाड्याने खोली देताना काय काय विचारलं?' 'तुमच्या सोसायटीत कचरा उचलायला येणाऱ्या ताईंचं नाव काय? त्या पाणी कुठलं पितात?' 'घरात लग्नाचा विषय निघतो तेव्हा कोणत्या संकेतस्थळावर नाव नोंदवतात आणि तिथल्या अर्जात कोणता रकाना सगळ्यात आधी भरतात?' हे प्रश्न टोमणे म्हणून विचारले तर वाया जातात. खरंच जाणून घ्यायचं आहे अशा आवाजात विचारले की मुलगा थांबतो, आठवतो, आणि स्वतःच सांगायला लागतो. मग दुसरा सांगतो, तिसरा सांगतो. त्यानंतर जी शांतता पसरते ती भरून काढायची घाई करायची नाही. तो अर्धा मिनिट धीर धरायला शिकायला माणसाला वर्षं लागतात. आणि सगळं संपल्यावर, गाजावाजा न करता, त्या मुलीशी दोन शब्द बोलायचे. तिला बोलतं करण्यासाठी नव्हे, ती ठीक आहे ना एवढं बघण्यासाठी.

सत्राच्या आधीचं कामही कसबाचंच आहे आणि ते कुणाला दिसत नाही. घरकाम करणाऱ्या बायकांना सकाळचं काम उरकून संध्याकाळच्या घरी जाण्याआधी, दुपारीच काय तो वेळ मिळतो. सकाळी अकराची कार्यशाळा ठेवली तर त्यांचा खाडा होतो, आणि तो पैसा भरून दिला नाही तर समतेवरचं आपलं बोलणं त्यांच्या मजुरीतून चालतं. लहान पोरं कुठे ठेवायची, संडास आहे का, जिना किती आहे, मूकबधिर सहभागी असतील तर सांकेतिक भाषेचे दोन दुभाषे आलटून पालटून आहेत का (एकच माणूस वीसेक मिनिटांनंतर दमतो आणि चुकायला लागतो), हे विचारणारा सुलभक तुम्हाला भेटला तर त्याला सोडू नका. 'किती स्लाइड्स आहेत?' याआधी तो 'खोलीत कोण असणार आहे आणि सत्रानंतर त्यांना कुठे परत जायचं आहे?' हे विचारतो.

ही परंपरा पुण्याला परकी नाही. १८४८ मध्ये भिडेवाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली. पुढे अस्पृश्य मानलेल्या जातींतल्या मुलामुलींसाठीही शाळा सुरू झाल्या. फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. मला त्या निबंधामागचा वर्ग फार महत्त्वाचा वाटतो. आपल्या लोकांवर काय गुजरलं ते जसंच्या तसं लिहिलं, धर्मालाही जाब विचारला, तरी आपल्याला कुणी गप्प बसवणार नाही, असा भरवसा असल्याशिवाय शाळकरी मुलगी असं लिहीत नाही. आणि तो भरवसा देणाऱ्या सावित्रीबाईसुद्धा आधी स्वतः शिकल्या, लग्नानंतर जोतीरावांकडे. मग शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं, मग वर्गात उभ्या राहिल्या, आणि फातिमा शेख यांच्यासारख्या सोबतिणी त्यांच्याबरोबर होत्या. आज आपण ज्याला मेंटॉरिंग म्हणतो ते तिथे आधी होतं, शाळा नंतर आली.

दुसरं उदाहरण जवळच्या काळातलं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कामातल्या पुण्यातल्या कार्यकर्त्या कचरा वेचणाऱ्या बायकांपर्यंत पोहोचल्या. बायकांची खरी अडचण अक्षरांची नव्हती. उकिरड्यावरच्या मिसळलेल्या, कुजलेल्या कचऱ्यातून कागद-काच शोधावी लागत होती. घरातूनच वेगळा केलेला कचरा हाती आला असता तर कमाई वाढली असती आणि तब्येतही टिकली असती. कार्यकर्त्यांनी ते ऐकलं आणि कामाची दिशा बदलली. १९९३ मध्ये बाबा आढाव यांच्या साथीने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. पुढे महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करणारी, वेचक बायकांच्याच मालकीची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था आली. ठरलेले धडे पूर्ण करणं एवढंच ज्यांना शिकवलं असतं, अशा माणसांनी धडे पूर्ण करून अहवाल दिला असता. आखलेला कार्यक्रम कुठे बाजूला ठेवायचा हे कळणं, याला मी या कामातलं सगळ्यात मोठं कसब मानते.

कसब कुठे लागतं याचं आणखी एक ठिकाण म्हणजे जनसुनवाई, जिथे गावकरी अधिकाऱ्यांसमोर तक्रारी मांडतात. महाराष्ट्रात २००७ पासून राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेखीचं काम सुरू झालं, पुणे जिल्हा त्यात पहिल्या टप्प्यापासून होता. त्यातल्या जनसुनवाईत गावातली बाई उभी राहून सांगते की प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध मिळालं नाही, बाहेरून आणायला लावलं. ऐकायला ते धाडसाचं आणि सुंदर वाटतं. पण त्या बाईला उद्या त्याच केंद्रात नातवाला घेऊन जायचं असतं. तिला आधी सांगावं लागतं की काय बोलल्यावर काय होऊ शकतं, आणि ऐन वेळी नको वाटलं तर ती माघार घेऊ शकते. दुसरीकडे त्या खोलीत सगळ्यांचा राग एका एएनएमवर (आरोग्य केंद्रातल्या परिचारिकेवर) निघायला लागतो, कारण समोर तीच बसलेली असते. औषधपुरवठा तिच्या हातात नसतो, रिकामी पदं तिने ठेवलेली नसतात. चांगला सुलभक तक्रारीची धार कमी न करता ती तक्रार योग्य मजल्यावर पाठवतो, तालुक्याला किंवा जिल्ह्याला. तसं झालं नाही तर एका गरीब बाईचा राग दुसऱ्या कमी पगाराच्या बाईवर निघतो आणि वरचे अधिकारी टिपणं काढून जेवायला जातात.

आणि काही वेळा सुलभकाने नकार द्यायला हवा. एखाद्या कंपनीत लैंगिक छळाची तक्रार आल्यावर 'जरा दोघांना समोरासमोर बसवून संवाद घडवून आणा' अशी विनंती येते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याच्या कलम १० प्रमाणे समेट फक्त तक्रारदार बाईने स्वतः मागितला तरच होऊ शकतो आणि पैशाच्या देवाणघेवाणीवर तो करता येत नाही. ते काम अशा तक्रारींसाठी कंपनीत नेमलेल्या अंतर्गत समितीचं आहे, कार्यशाळेचं नाही. अ‍ॅट्रॉसिटीच्या कायद्याखालचा गुन्हा घडला असेल तर तिथेही 'सलोख्याचं सत्र' नको. जिथे निर्णय आणि न्याय द्यायला हवा तिथे संवाद वापरला की तोच अन्यायाचं हत्यार होतो. हे ओळखून 'मी हे करणार नाही' असं म्हणणारा माणूस तुम्हाला हवा असेल तर त्याला अनुभव हवा, आणि पुढचं काम जाईल या भीतीने तो हो म्हणणार नाही इतकं त्याचं मानधनही हवं.

आता मेंटॉरिंगकडे येते, कारण कंपनीच्या प्रस्तावातली एक गोष्ट मला मनापासून पटते. वस्तीतल्या तरुणांनीच सत्रं घ्यायला हवीत. त्यांना गल्लीची भाषा येते, बाहेरून आलेल्या माणसाला दहा भेटींत जे कळत नाही ते त्यांना आधीच माहीत असतं. पण दोन दिवसांचं प्रशिक्षण देऊन त्यांना एकटं सोडणं म्हणजे खोलीतला सगळा ताण पुन्हा त्यांच्याच डोक्यावर ठेवणं. बाहेरचा सुलभक संध्याकाळी आपल्या घरी जातो. वस्तीतली मुलगी ज्या मुलांशी 'मर्दानगी'वर बोलली, त्यांच्याच समोरून रात्री पाणी भरायला जाते. तिच्या भावाला चौकात विचारतात, 'तुझी बहीण काय शिकवते रे?' दोन दिवसांच्या प्रशिक्षणात याचं उत्तर नसतं. दर आठवड्याला तिच्याबरोबर बसणारं माणूस लागतं.

मेंटॉरिंग म्हणजे नेमकं काय, हे कंपनीला डोळ्यांसमोर येईल असं सांगा. सुरुवातीला तरुण सुलभक अनुभवी व्यक्तीच्या शेजारी बसते, फक्त पाहते आणि एक नकाशा काढते: गोल वर्तुळात बसलेली माणसं, आणि कोण किती वेळा बोललं, कुणाला कुणी अडवलं त्याच्या रेघा. दोन-तीन सत्रांनंतर वीस मिनिटांचा एक भाग ती घेते. मग अर्धं सत्र. मग पूर्ण सत्र, आणि मेंटॉर मागच्या सतरंजीवर गप्प बसते. (गप्प बसणं हे मेंटॉरलाही शिकावं लागतं. मध्येच उठून 'मी जरा यात भर घालते' म्हणणारे ज्येष्ठ मी खूप पाहिले आहेत. त्यांच्या हाताखाली कुणी तयार होत नाही.) त्याच संध्याकाळी, आठवण ताजी असताना, चहा घेत अर्धा-पाऊण तास बोलणं होतं. तू काय पाहिलंस? कुठे तुझा श्वास अडकला? आज खोलीत कोण हरवलं? 'छान झालं हं' या शब्दांना त्या अर्ध्या तासात जागा नाही.

आमच्या ओळखीतल्या एका तरुणाचं उदाहरण देते. बौद्ध घरातला, बोलण्यात हुशार. एका वसतिगृहातल्या सत्रात एका मुलाने त्याला सगळ्यांसमोर विचारलं, 'दादा, तू स्वतः आरक्षणातून आलास का?' त्याने हसून उत्तर दिलं, सत्र पुढे गेलं. अहवालात ते सत्र उत्तम म्हणून नोंदलं गेलं असतं. मागे बसलेल्या त्याच्या मेंटॉरने मात्र पाहिलं की त्यानंतर त्याने त्या बाजूला बघणंच सोडलं. संध्याकाळी तो म्हणाला, 'काही नाही ताई, सवय आहे.' इथे चांगला मेंटॉर त्याच्या सहनशक्तीचं कौतुक करत नाही, कारण तसं केलं की ती सहनशक्तीच नोकरीची अट होऊन बसते. त्यांनी दोघांनी मिळून वाक्य तयार केलं: 'माझ्याबद्दल आपण नंतर बोलू. आरक्षणाच्या धोरणाबद्दल तुला नेमकं काय विचारायचं आहे?' ते मोठ्याने म्हणून पाहिलं, पुन्हा पुन्हा, जिभेवर बसेपर्यंत. आणि ठरवलं की पुढच्या दोन सत्रांत हा प्रश्न आला तर त्याची सवर्ण सहकारी तो घेईल. असं ठरवायला बाजूला कुणीतरी असावं लागतं. एकटा माणूस 'सवय आहे' म्हणत राहतो आणि वर्षभरात काम सोडतो. मग संस्था नवा मुलगा शोधते, त्याला दोन दिवसांचं प्रशिक्षण देते.

मेंटॉर कोण असावं यावर थोडं स्पष्ट बोलते. ज्याच्या हातात त्या तरुणाची पगारवाढ आणि कराराचं नूतनीकरण आहे, तो त्याचा मेंटॉर असू नये. 'मला त्या गटाची भीती वाटते' हे वाक्य वरिष्ठाला सांगता येत नाही. दुसरं म्हणजे पुण्यातल्या पुष्कळ संस्थांत मेंटॉर शहरी, सवर्ण, इंग्रजी बोलणारे आणि शिकणारे वस्तीतले, बहुजन, दलित, मुस्लिम, अशीच रचना आपोआप तयार होते. ती आहे हे मान्य करून तिच्यावर काम करावं लागतं. म्हणून प्रत्येक तरुणाला निदान एक मेंटॉर त्याच्यासारख्याच वाटेवरून पुढे गेलेला मिळावा. आणि मेंटॉरने नुसता सल्ला देऊ नये, दारं उघडावीत. कॉलेजचं आमंत्रण आलं की आपल्याऐवजी त्या मुलीचं नाव सुचवावं, निधी देणाऱ्यांच्या बैठकीत तिला घेऊन जावं आणि तिथे तिला बोलू द्यावं. मानधनाचंही तसंच. सल्लागाराला फी आणि वस्तीतल्या ताईला 'प्रवासखर्च', ही तफावत मी समतेच्या प्रकल्पांतच सर्रास पाहते आणि मला तिचा संताप येतो. सत्र दोघींनी मिळून घेतलं असेल तर मानधनही सारखं असावं.

ग्रामपंचायतीतल्या कामाने मला मेंटॉरिंगचा खरा आवाका दाखवला. २०११ पासून महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांना ५० टक्के आरक्षण आहे. राखीव जागेवर निवडून आलेल्या सरपंच बाईला एक दिवसाचं प्रशिक्षण मिळतं, फोल्डर मिळतं. गावी परतल्यावर मात्र खुर्चीत दीर बसलेला असतो आणि दप्तर ग्रामसेवकाच्या कपाटात. तिच्याबरोबर महिनोन्महिने चालणारी एखादी कार्यकर्ती असेल तर ती आधी तिच्याबरोबर अंदाजपत्रक वाचते. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला आणि बालकांसाठी, ५ टक्के अपंगांसाठी खर्च व्हायला हवेत, हे दोघी कागदावर शोधतात. मग प्रश्न ठरतो, 'गेल्या वर्षीच्या १५ टक्क्यांतून नेमकं काय झालं?' तो आधी महिला ग्रामसभेत विचारला जातो, तिथे बायकांची साथ मिळते, आणि मगच मोठ्या ग्रामसभेत. कार्यकर्ती तिथे मागे उभी असते, बोलत नाही. दलित वस्तीतला दिवा लागतो तो या प्रश्नामुळे, पण त्या प्रश्नापर्यंत पोहोचायला कित्येक भेटी झालेल्या असतात आणि त्यातली एकही भेट 'लाभार्थी संख्या' या रकान्यात बसत नाही.

आता पैशाचं. तुमच्या अर्जात मेंटॉरिंगचा खर्च कुठे लिहिला आहे ते पाहा. पुष्कळ संस्था तो प्रशासकीय खर्चात टाकतात आणि मग कंपनी '५ टक्क्यांची मर्यादा आहे' म्हणून तो कापते. सीएसआर नियमांतली ती ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सर्वसाधारण सीएसआर व्यवस्थापनाच्या खर्चाला आहे. प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांवर थेट होणारा खर्च त्यात मोजला जात नाही. सुलभकाचं मानधन, संध्याकाळचं बोलणं, मेंटॉरच्या भेटी ही अंमलबजावणीच आहे. तशीच स्वतंत्र ओळीत लिहा, तासांच्या हिशेबासह. सत्राच्या प्रत्येक तासामागे तयारीचे आणि नंतरच्या बोलण्याचे तास दाखवा. सत्र संपल्यावर कुणीतरी कोपऱ्यात गाठून स्वतःची गोष्ट सांगणार असतं, त्यासाठी राखून ठेवलेला तासही दाखवा.

'तिप्पट लोक' या आकड्याला उत्तर म्हणून दुसरे आकडे द्या. सहा महिन्यांनंतर सुरुवातीच्या गटातली किती माणसं टिकली, आणि गळालेली कोण होती. बैठकीत किती बायकांनी मुद्दा मांडला. सत्र स्वतंत्रपणे घेणारे तरुण किती झाले आणि त्यांतले किती जण दुसऱ्या वर्षीही कामात आहेत. मंडळाच्या वर्गणीचा हिशेब आता कोण ठेवतं. हे मोजायला महागडी पाहणी लागत नाही, हजेरीवही आणि तो वर्तुळाचा नकाशा पुरतो. गळालेल्यांची यादी जात, लिंग आणि वस्तीनुसार लावून कंपनीच्या अधिकाऱ्यांसमोर ठेवा, नावं न देता. खर्च कोण सोसतंय हे त्या यादीत दिसतं.

त्या अधिकाऱ्यांना सत्र पाहायला बोलावू नका, पाहुणे आले की खोलीतली माणसं बदलतात. त्याऐवजी, तरुण सुलभकांची परवानगी असेल तर, संध्याकाळच्या एखाद्या बोलण्याला बोलवा आणि त्यांना मागे बसवा.

गटांची संख्या कमी करा, गरज पडली तर निम्मी. पण जे गट घ्याल त्यांच्या बैठका वर्षभर चालू ठेवा. मेंटॉर निवडताना त्या मुलामुलींना विचारा, आणि पहिल्या दोन महिन्यांनंतर कारण न देता मेंटॉर बदलून मागायची मुभा त्यांच्या करारातच लिहून ठेवा.